लाल दिवा लागेपर्यंत थांबू नका

रेकॉर्डिंगला बसलात की पहिलं काम, गेनचा (माइकचा आवाज वाढवणारा) नॉब उजवीकडे पिळायचा. आवाज फाटतोय असं सांगणारा लाल दिवा लागेपर्यंत पिळत राहायचं. हिरव्यात भिडस्त माणसं रेकॉर्ड करतात, पिवळ्यात धरसोड करणारी.

काही शहाणे सांगतील की डिजिटलमध्ये शून्य डेसिबल म्हणजे छत. त्याच्या वर गेलेल्या लाटेचं डोकं सपाट कापलं जातं. म्हणून सर्वांत मोठा आवाज उणे १२ च्या आसपास ठेवा, सरासरी उणे १८ च्या. एवढी जागा रिकामी कशाला? वर भाडेकरू ठेवायचेत? साधारण सहा डेसिबलला एक बिट (डिजिटल आवाजाच्या बारकाव्याचं माप), म्हणजे २४ बिटमधले बारा डेसिबल सोडले तर दोनच बिट जातात, हे खरं. पण दोन बिट तरी फुकट का सोडावेत?

लेव्हल लावताना गायिकेला गायला अजिबात सांगू नका. ‘हॅलो हॅलो, माइक टेस्टिंग, वन टू थ्री’ एवढं पुटपुटू द्या आणि त्या पुटपुटण्यावर गेन पक्का करा. टेक सुरू झाला की ती आपोआप माइकला चिकटेल (अंतर निम्मं झालं की जवळपास सहा डेसिबल वाढतात) आणि ध्रुवपदाला छाती भरून सूर लावेल. चार मिनिटांचा सुरेख टेक, आणि नेमका सगळ्यात भिडणाऱ्या ओळीवर आवाज फाटलेला. अशा वेळी चेहरा गंभीर ठेवून म्हणायचं, ‘‘मस्त झालं, पण एक सेफ्टी घेऊन ठेवू.’’ पुढच्या टेकला तिचा गळा बसला असेल, तर आवाज आपोआप फाटायचा थांबेल.

फाटलेला टेकही टाकू नका. सॉफ्टवेअरमधला फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, खाली ओढा. फाटलेला आवाज हळू आवाजात फाटलेला ऐकू येईल. कोणी नाक मुरडलंच तर ‘ॲनालॉग वॉर्म्थ’, म्हणजे जुन्या टेपची ऊब, म्हणा. टेपवर लेव्हल जास्त गेली की आवाज आधी दबतो, गोलावतो, आणि इथे थेट कुऱ्हाड पडते, हा फरक सांगत बसू नका.

स्नेअर ड्रमला माइक लावलात तर पॅडच्या बटणाला शिवू नका. आलेला आवाज वीस डेसिबलनं कमी करायचा म्हणजे ड्रमरचा अपमानच! इलेक्ट्रिक गिटार मात्र थेट माइकच्या इनपुटात खुपसा, गिटारसाठी असलेलं हाय-झी बटण न दाबता. तिच्या पिकअपला (तारांचं कंपन टिपणाऱ्या भागाला) सुमारे एक मेगाओम रोधाचा इनपुट लागतो, तुम्ही दोन-तीन किलोओम दिलेत, म्हणजे वरची सगळी चमक गळाली. ती इक्यूमध्ये (वरचे-खालचे स्वर कमी-जास्त करायच्या साधनात) शोधण्यात रात्र छान जाते.

बाहेरून वीज लागणाऱ्या कंडेन्सर माइकमधून काहीच येत नाहीये? गेन शेवटपर्यंत न्या. हेडफोन कानावर नीट दाबून बसवा. आणि मग ती वीज सोडणारं ४८ व्होल्टचं बटण दाबा.