पाच म्हणजे पाच काय?

पहाटेची वेळ, गाडीत दीड टन कांदा, गायमुखचा चढ, मागे कंटेनरची रांग, आणि माझी पिकअप दोन हजार आरपीएमच्या वर जायलाच तयार नाही. मीटरवर चेक लाइट पेटलेला. मागून हॉर्न, शिव्या. हेल्पर पोरगा उडी मारून मागच्या चाकाखाली दगड लावायला धावला. आणि हे सगळं कशामुळे? तर इंजिनाची ताकद वाढवायला बसवलेल्या डब्याच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये आदल्या रात्री मी पाचाचा सहा केला म्हणून. एक आकडा!

माझी गाडी २०१८ ची, बीएस-४ डिझेल. वाशी मार्केटला भरायची, ठाणे-बेलापूर रोडने कळव्याला यायचं, मग घोडबंदर रोड धरून काशिमीरा. लोड असला की चढाला गाडी दम टाकते, म्हणून एकाकडून तो डबा, म्हणजे ट्यूनिंग बॉक्स, बसवून घेतला. मोजून नऊ हजार दिले. ‘मायलेज पण वाढेल, पिकअप पण वाढेल, आणि कस्टम मोडमध्ये सगळं तुमच्याच हातात, दादा.’

अ‍ॅपमध्ये तो कस्टम मोड उघडला तर चार पट्ट्या. फ्युएल, टॉर्क, बूस्ट, रिस्पॉन्स. प्रत्येकीवर शून्य ते दहा. संपलं! अहो, पाच म्हणजे पाच काय? टक्के? दाबाचे बार? कॉमन रेलमध्ये, म्हणजे इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या नळीत, डिझेलचा दाब हजार बारच्या वर जातो, तिथे मी बोटाने एक घर पुढे सरकवलं तर नक्की किती वाढलं हे मला कोण सांगणार? किराणावालासुद्धा ‘पाच दे’ म्हटलं तर ‘पाच किलो की पाचशे ग्रॅम’ असं विचारतो. इथे इंजिनाचा प्रश्न आहे, माझ्या घरच्या भाकरीचा प्रश्न आहे, आणि आकड्यापुढे एकक लिहायची यांना गरज वाटत नाही!

शेवटी वागळे इस्टेटमधल्या माझ्या नेहमीच्या मेकॅनिककडे बॉनेट उघडलं. बॉक्समधून निघालेली वायर एकाच ठिकाणी गेलेली, रेल प्रेशर सेन्सरला. म्हणजे हा डबा एवढंच करतो की दाब आहे त्यापेक्षा कमी असल्याचं ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, खोटं सांगतो. ईसीयू बिचारा दाब वाढवतो, डिझेल जास्त पडतं. बस्, एवढंच काम. इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या टर्बोला वायर नाही, पेडलला वायर नाही. मग ‘बूस्ट’ची पट्टी कशाला जोडलीय? कशालाच नाही! मी तीन दिवस, तीन दिवस हो, ती पट्टी चारावर, सातावर, नवावर ठेवून कळवा ते माजिवडा कान लावून गाडी चालवली. डोळ्यांत धूळ फेकायला काढलेलं चित्र होतं ते.

मायलेजचं तर विचारूच नका. डॅशबोर्डवर लिटरला चौदा किलोमीटर दिसायला लागलं, मी खूश, बायकोलाही सांगितलं. टाकी फुल ते टाकी फुल हिशोब केला तेव्हा अकरा! कारण तेच. ज्या ईसीयूला दाब कमी सांगितलाय, तो डिझेलही कमी गेलं असंच मोजणार. हे विकणाऱ्याला ठाऊक नव्हतं? ठाऊक होतं. म्हणून तर तो ‘मीटर बघा’ म्हणत होता, पंपाच्या पावत्या बघा असं एकदाही म्हणाला नाही.

धूर काळाकुट्ट. हवा तेवढीच आणि डिझेल जास्त, मग दुसरं काय होणार? पीयूसीला गाडी नापास झाली. डबा काढला, अर्ध्या तासात पास.

विकणाऱ्याला फोन केला तर उत्तर काय? ‘दादा, कस्टम सेटिंग आपण केलीत ना, मग जबाबदारी आपली.’ डोक्यात तिडीक गेली माझ्या. पैसे घेताना ‘सगळं तुमच्या हातात’ आणि गाडी घाटात उभी राहिली की ‘तुम्हीच हात लावलात’! कोणता आकडा लोडवर चालतो, कोणता रिकाम्या गाडीला, किती वर गेलं की ईसीयू दाबात गडबड धरून गाडी लिंप मोडमध्ये टाकतो, म्हणजे इंजिनाची ताकद मुद्दाम तोडतो, यातलं एक अक्षर कुठे लिहिलेलं नाही. मराठीत सोडा, कुठल्याच भाषेत नाही. आणि इंजिनात असा फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकू शकतो, हेही बसवताना कुणी बोललं नाही. मला ते पीयूसीवाल्या पोराने सांगितलं.

त्या दिवशी कांदा तीन तास उशिरा पोचला. गिऱ्हाइकाने भाड्यातून पाचशे कापले आणि पुढची फेरी दुसऱ्याला दिली. सहा वर्षांचं गिऱ्हाईक होतं ते.

डबा काढलाय. पण काढताना सेन्सरच्या प्लगची क्लिप तुटली, आता तो टेप गुंडाळून धरलाय. घोडबंदरच्या प्रत्येक खड्ड्यात चेक लाइट एकदा डोळा मिचकावतो आणि माझ्या पोटात गोळा येतो. उद्या तीनला वाशीला भरायला जायचंय. आत्ता खाली जाऊन टेपचे आणखी दोन वेढे मारून येतो.