आरसीसीबी रोज पडतो म्हणून मिळालेल्या एका स्टारला आमचं उत्तर

नमस्कार मॅडम,

तुमची तक्रार थोडक्यात अशी: नवा डीबी (खटक्यांचा बॉक्स) आणि आरसीसीबी (करंट गळला की ‘पडणारा’, म्हणजे आपोआप वीज तोडणारा खटका) बसवण्याचे आम्ही ५,६६० रुपये घेतले. पाऊस लागल्यापासून तो रात्री आठच्या पुढे पडतो, सकाळी गिझर लावला की पुन्हा पडतो आणि घरभर अंधार होतो. दोन दिवस आम्ही फोन उचलला नाही. शेवटी दुसऱ्या वायरमनने ‘पीस खराब आहे’ म्हणत दहा मिनिटांत तो डायरेक्ट करून दिला, म्हणजे आरसीसीबी टाळून वायर थेट जोडली, आता काही त्रास नाही. शिवाय अर्थिंगच्या नावाखाली आम्ही ३,२०० रुपये वरून सांगितले.

पुढचं वाचण्याआधी गिझरचा एमसीबी (जादा करंट किंवा शॉर्ट सर्किट झाल्यावर पडणारा छोटा खटका) खाली करा. डीबीत डावीकडून दुसरा, २० अँपिअरचा.

फोन उचलला नाही ही चूक आमचीच. पहिल्या पावसात एकदम कामं येतात हे खरं, पण ज्याच्या घरी नुकतंच काम केलं त्याला निदान उलट फोन जायला हवा होता. दुसरी चूक तुम्ही लिहिलेली नाही, तरी सांगतो: सबंध घर आम्ही एकाच आरसीसीबीवर घेतलं. गॅलरी आणि बाथरूम वेगळ्या आरसीसीबीवर असती तर बाहेरच्या दिव्यात पाणी गेल्यावर फक्त तेवढंच बंद झालं असतं, फ्रिज आणि पंखे चालू राहिले असते. साधारण दोन हजार वाचावेत म्हणून एकच घातला, पण तुम्हाला दोन्ही पर्याय समोर ठेवून विचारायला हवं होतं.

आता पीस खराब आहे का ते. ते पाहायला दहा मिनिटंही लागत नाहीत. मेन बंद करून आरसीसीबीच्या खालच्या, म्हणजे लोडच्या, दोन्ही वायरी सोडवायच्या, मेन चालू करून खटका वर करायचा. काहीच जोडलेलं नसताना तो पडला तर पीस खराब. टिकला आणि ‘टी’चं, म्हणजे टेस्टचं, बटण दाबल्यावर पडला, तर पीस ठीक आहे आणि करंट घरात कुठेतरी गळतोय. त्या वायरमनने ही तपासणी केली होती का, तेवढं विचारा. पीस खरंच खराब निघाला तर बदलून देऊ, पैसे घेणार नाही.

आम्हाला तो खराब वाटत नाही, आणि त्याचं कारण तुमच्याच लिहिण्यात आहे. तो वाटेल तेव्हा पडत नाही, ठरावीक दोन वेळांना पडतो. फेजने, म्हणजे वीज आणणाऱ्या वायरीने, गेलेला करंट न्यूट्रलने, म्हणजे परतीच्या वायरीने, तेवढाच परत येतो की नाही, एवढंच आरसीसीबी बघतो. ३० मिलिअँपिअरचा पीस १५ पर्यंतच्या फरकाला पडायचा नाही आणि ३० ला पडलाच पाहिजे, अशी त्याची रचना असते. रात्री आठला गॅलरीतला दिवा लागतो. त्या फिटिंगमध्ये वायर वरून उतरते, म्हणजे पावसाचं पाणी वायरीवरून ओघळत थेट होल्डरमध्ये जातं. आम्ही मे महिन्यात मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) लावला तेव्हा त्या लाइनचं इन्सुलेशन, म्हणजे गळती अडवायची ताकद, २ मेगाओहम होतं. कोरड्या भिंतीत ते चालून जातं, ओल्या भिंतीत नाही.

गिझरचा आकडा मात्र तेव्हाही वाईट होता: ०.३ मेगाओहम. निदान १ तरी हवा. थंड असताना ०.३ ला पाऊण मिलिअँपिअरच्या आसपास गळती होते, त्यावर आरसीसीबी पडत नाही. पण बोअरच्या जड पाण्याने एलिमेंटवर क्षार बसतो, आवरणाला चीर जाते, आतली पांढरी पूड पाणी शोषते आणि एलिमेंट तापला की हा आकडा कोसळतो. तो १५,००० ओहमपर्यंत आला की १५ मिलिअँपिअर झाले. म्हणून खटका चालू करताक्षणी पडत नाही, चार-पाच मिनिटांनी पडतो. तुमच्याकडे तसंच होतं का, हे नक्की आठवून बघा.

गिझरला अर्थची, म्हणजे गळती सुरक्षितपणे जमिनीत नेणारी, वायर नाही, मग गळती जाते कुठे? तुमच्या बिल्डिंगचे जुने जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेले लोखंडी, पाइप आहेत. टाकीतून पाइपात आणि पाइपातून जमिनीत. म्हणजे आरसीसीबी पडत होता तेव्हा करंट तुमच्या नळाच्या वाटेने चालला होता. आता आरसीसीबी वाटेत नाही, गळती मात्र तशीच आहे. २० अँपिअरचा एमसीबी यात काही करू शकत नाही, कारण शॉर्ट सर्किट ओळखून झटक्यात पडायला त्याला १०० ते २०० अँपिअर लागतात. ओल्या अंगाचा रोध हजार ओहम धरला तर २३० व्होल्टला माणसातून जातात २३० मिलिअँपिअर. जिवाला ते पुरेसे आहेत, एमसीबीला त्याचा पत्ताही लागणार नाही.

अर्थिंगचे ३,२०० याच्याचसाठी होते. तुमच्या गिझरच्या सॉकेटमध्ये अर्थची पिन एका तुकड्याने न्यूट्रलला जोडलेली होती. जुन्या दोन वायरींच्या घरांत हा जुगाड सर्रास दिसतो. न्यूट्रल जाग्यावर आहे तोवर काही कळत नाही. बोर्डात एक स्क्रू ढिला होऊन न्यूट्रल सुटला की गिझरचं अंग थेट फेजवर येतं. ‘तीस वर्षं काही झालं नाही’ यात तो स्क्रू तीस वर्षं टिकला, एवढंच. तो तुकडा आम्ही काढला, आणि मीटर रूमच्या अर्थपासून तिसऱ्या मजल्यापर्यंत २२ मीटर, ४ स्क्वेअर एमएमची हिरवी वायर पाइपातून आणायचे पैसे सांगितले. तुम्ही नको म्हणालात, तो तुमचा अधिकार. ‘अर्थ येईपर्यंत गिझर वापरू नये’ हे बिलावर लिहिलं होतं, पण शेवटच्या ओळीत, बारीक अक्षरात. ते समोर बसून सांगायला हवं होतं.

तुम्ही टाकलेल्या फोटोबद्दलही एक सांगतो. फेज डायरेक्ट करायला लावलेली लाल वायर दीड एमएमची दिसते. तिला १४-१५ अँपिअरच्या वर ताण देऊ नये. तुमचा २ किलोवॅटचा गिझर पावणेनऊ अँपिअर, एसी सातेक, त्यात मायक्रोवेव्ह लागला की वीसच्या पुढे गेलात. आणि खालच्या मीटर रूममधला मेन ४० चा, म्हणजे ही वायर वितळायला लागली तरी तो पडणार नाही. डीबीच्या झाकणाला हात लावून बघा. कोमट लागलं किंवा प्लास्टिकचा वास आला तर एसीसुद्धा बंद ठेवा.

ज्यांच्याकडे आरसीसीबी बसवल्या क्षणीच पडतो त्यांची गोष्ट वेगळी, तुमच्याकडे तो प्रकार नव्हता. तिथे बहुतेक वेळा इन्व्हर्टरचा घोळ असतो: फेज आरसीसीबीतून इन्व्हर्टरला जातो, पण दिव्यांचा न्यूट्रल आरसीसीबीच्या आधीच्या लिंकवर (न्यूट्रलच्या वायरी एकत्र जोडायच्या पट्टीवर) परत येतो. मग ९ वॅटचा एक बल्ब लावला तरी जवळपास ४० मिलिअँपिअरचा फरक पडतो. असे दोष एकेक एमसीबी वर-खाली करून शोधताना लोक फसतात, कारण साधा एमसीबी फक्त फेज तोडतो. न्यूट्रल कुठे अर्थला चिकटला असेल तर सगळे एमसीबी खाली असतानाही आरसीसीबी पडू शकतो. त्यासाठी न्यूट्रल एकेक करून सोडवावे लागतात, दुसरा उपाय नाही.

बिलाचा हिशोब: ४० अँपिअर, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी २,१५०, सहा एमसीबी १,२६०, डीबी ७५०, मजुरी १,५००. आरसीसीबी आम्ही गळ्यात मारलेला नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा नियमांतही घरगुती जोडणीसाठी गळती संरक्षणाची मर्यादा ३० मिलिअँपिअरच आहे. तो काढून देणाऱ्याकडे तारतंत्री परवाना आहे का आणि तो डायरेक्ट केल्याचं तो बिलावर लिहून देतो का, हे दोन्ही विचारा. दुसरा प्रश्न जास्त कामाचा.

आम्ही काय करू ते सांगतो. रविवारी सकाळी मेगर घेऊन येतो, व्हिजिट चार्ज नाही. डायरेक्ट काढून आरसीसीबी परत लावू. गॅलरी आणि बाथरूमसाठी २५ अँपिअरचा दुसरा आरसीसीबी घालू, त्याच्या न्यूट्रलची लिंक वेगळी करू (दोघांचे न्यूट्रल एकत्र राहिले तर दोन्ही पडत राहतील). पीसचे पैसे तुमचे, मजुरी आमची. गॅलरीत बंदिस्त वॉटरप्रूफ फिटिंग लावू, वायर खालून ग्लँडमधून (वायरीभोवती घट्ट बसणाऱ्या बुचातून) आत घेऊ आणि बाहेर तिला एक झोळ देऊ, म्हणजे पाणी झोळावरूनच गळून जाईल. गिझरचा एलिमेंट आणि गॅस्केट बदलू. टाकीच गळत असेल तर मात्र गिझर नवा घ्यावा लागेल, तिथे आम्ही पॅच मारणार नाही. अर्थिंगचा निर्णय तुमचा, पण त्याशिवाय गिझर चालू करून देणार नाही.

स्टार बदला असं म्हणत नाही. रविवारपर्यंत आंघोळीचं पाणी गॅसवर तापवा, आणि गॅलरीतल्या दिव्याचं बटण घरातल्या कुणी चुकून दाबू नये म्हणून त्यावर टेप लावून ठेवा.