शिरुई लिली आणि आपली कळलावी

या दोन फुलांवरचा तुमचा लेख आवडला, पण त्यात शिरुई लिलीसोबत कळलावीलाही लिली कुळात बसवलंय, ते वर्गीकरण जुनं झालं. कळलावी आता कोल्चिकेसी कुळात मोडते. मणिपूरची शिरुई मात्र अस्सल लिलियम, म्हणजे खऱ्या लिलींच्याच वंशातली. फिकट गुलाबी फूल, बहर मे-जूनचा, तिथल्या उख्रुल जिल्ह्यातल्या शिरुई डोंगरावर. १९४६ साली ब्रिटिश वनस्पतिशोधक किंग्डन-वॉर्डनी ती 'शोधली' म्हणतात. तिथल्या तांगखुल नागा लोकांना ती आधीपासून ठाऊक होतीच की!

आमच्या बेळगावजवळच्या खानापूर-जांबोटीकडं पावसाळ्यात कळलावी झुडपांवर चढते, पानाच्या टोकाचाच ताणा करून. दिसायला ज्वाळेसारखी, पण कंदात कोल्चिसिन हे जहाल विष. त्यामुळं कळलावी ‘घरी आणून लावा’ हा लेखातला तुमचा सल्ला लेकरं-जनावरं असलेल्या घरात नकोच.