चिकन पुन्हा गरम करा, पण ओट्यावर विसरू नका

शिजलेलं चिकन पुन्हा गरम केलं की त्यातल्या प्रथिनांचं विष होतं, फ्रिजमध्ये थिजलेला रस्सा म्हणजे नासलेला रस्सा, आणि वाफ असलेलं अन्न फ्रिजमध्ये कधीच ठेवू नये, असा मेसेज आमच्या नात्यातल्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय. तो वाचून आत्याबाईंनी मी रविवारी केलेलं अर्धं पातेलं सोमवारी सकाळी टाकून दिलं. त्यात काच्चातोरा होता: कांदा, लसूण, टोमॅटो आणि रोजमेरी घालून मंद आचेवर शिजवलेला, शिकाऱ्यांच्या नावाने ओळखला जाणारा इटालियन चिकनचा रस्सा. जीव तुटला. म्हणून एकेक मुद्दा घेते.

प्रथिनांचं आधी. मांसातली प्रथिनं पहिल्यांदा शिजतानाच उलगडून घट्ट होतात, उकडताना अंड्याचा पांढरा भाग होतो तशीच. दुसऱ्यांदा तापवल्याने त्यांचं विष होत नाही. छातीचे तुकडे मात्र चिवट होतात, म्हणून मी यात तंगडी आणि मांडीच घेते. दुसऱ्या दिवशीच्या चिकनला जो शिळसर वास येतो, तो चरबीचा हवेशी संयोग झाल्याने. तुकडे रश्शात बुडालेले असले की तो कमी येतो, आणि रोजमेरीही ही क्रिया मंदावते. इटलीत तस्कनीच्या एका प्रसिद्ध सूपचं नावच ‘रिबोल्लिता’ आहे, म्हणजे पुन्हा उकळलेलं.

थिजलेल्या रश्शाला तर आत्याबाई नासकाच समजल्या. झाकण काढलं की वर केशरी तेलाचा पातळ थर, खाली थरथरणारी लगदी, चमचा रोवला तर उभा राहील अशी. हाडं आणि सांध्यांतून सुटलेलं जिलेटिन थंडीत गोठतं, इतकंच. गॅसवर ठेवलं की दोन मिनिटांत पुन्हा रस्सा. माझ्या मते ती चांगल्या रश्शाची खूण आहे.

फ्रिजचा मुद्दा सगळ्यात घातक, कारण तो ऐकून लोक पातेलं रात्रभर ओट्यावर ठेवतात. 5 ते 60 अंशांच्या मधे जंतू झपाट्याने वाढतात. शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांहून जास्त ठेवू नये असा नियम आहे, आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा आपला हिशोब तासाभराचाच. चिकनमधल्या काही जंतूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, आणि मोठं पातेलं सावकाश निवत असताना त्यांचं फावतं. म्हणून पातेलं परातीतल्या थंड पाण्यात ठेवून ढवळा, वाफ ओसरली की रस्सा उथळ स्टीलच्या डब्यांत वाटून लगेच फ्रिजमध्ये. थोडा कोमट असला तरी चालतो. जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात ठेवू नका, टोमॅटोचा आंबटपणा त्याला खातो. लाईट गेली तर फ्रिजचं दार उघडू नका, बंद फ्रिज साधारण चार तास थंडावा धरतो.

त्या मेसेजखाली एका काकांनी लिहिलं होतं, रात्रभर बाहेर राहिलं तरी खळखळून उकळलं की झालं. काका, हे त्या मेसेजहून वाईट. काही जंतू अन्नात जे विष सोडून ठेवतात ते उकळूनही जात नाही. शिळं चिकन खाऊन लोक आजारी पडतात हे खरंच आहे, पण घोटाळा आदल्या रात्री ओट्यावर झालेला असतो.

गरम करताना लागेल तेवढंच काढा, सगळा डबा पुन्हा पुन्हा तापवू नका. अर्धी वाटी पाणी घालून झाकण ठेवा, मधोमध बुडबुडे येऊन तुकडा आतपर्यंत वाफाळला पाहिजे. मायक्रोवेव्ह कुठे तापवतो, कुठे गार ठेवतो, तेव्हा मधेच थांबून ढवळा. ऑलिव्ह असतील तर शेवटी घाला. उत्तर इटलीत हा रस्सा मक्याच्या घट्ट पोलेंटाबरोबर वाढतात. आपल्याकडे ज्वारीची कडक भाकरी आहे. ती ताटात चुरायची, वर रस्सा ओतायचा आणि दोन मिनिटं मुरू द्यायचं. कडा मऊ पडतात, मधला कुरकुरीतपणा राहतो.

या रविवारी मी पुन्हा केलाय. आत्याबाईंचा डबा फ्रिजच्या मधल्या कप्प्यात आहे, झाकणावर तारीख लिहिलेली. बुधवारपर्यंत कधीही या.