ध्वजवंदनाच्या जबाबदार व्यक्तीसाठी काही सूचना

यंदाच्या 15 ऑगस्टला ध्वजवंदनाची व्यवस्था आपल्याकडे सोपवण्यात आली असेल, तर आपले अभिनंदन. आणि लगोलग एक विनंती, की 26 जानेवारी 2002 पासून लागू असलेली भारतीय ध्वजसंहिता आपण चुकूनही वाचू नये. ती वाचलेल्या माणसाला पुढे जागोजागी काहीतरी खटकत राहते आणि समितीत त्याचे कोणाशी पटत नाही.

ध्वज 14 तारखेच्या रात्री उशिरा कपाटातून काढावा, पण उलगडून पाहू नये. उलगडला तर उसवलेली कड दिसेल आणि फाटका किंवा चुरगळलेला ध्वज लावायचा नाही असा नियम असल्यामुळे त्या अवेळी दुकाने धुंडाळावी लागतील. लांबी-रुंदीचे प्रमाण 3:2 आहे की नाही आणि चक्राचे आरे 24 भरतात की नाही, हे खाली उभे राहून कोण मोजणार आहे?

आता मुख्य विषयाकडे, म्हणजे गाठीकडे येऊ. घडी केलेला ध्वज वर बांधून ठेवायचा असेल, तर खालून एक हिसका बसताच सुटेल अशी सुरगाठ मारतात. आपण निरगाठ मारावी, तीही दुहेरी, कारण रात्री वारा सुटला तर जबाबदारी आपलीच. शिवाय रात्रभरच्या पावसात सुती दोरी फुगून गाठ आणखी आवळेल, ही निसर्गाने केलेली मदत समजावी. आत फुलांच्या पाकळ्या सढळ हाताने भराव्यात (याला संहितेचीही परवानगी आहे, हे नाइलाजाने नमूद करतो). रंगीत तालीम मात्र घेऊ नये. तिने समारंभातली सगळी उत्कंठा नाहीशी होते.

सकाळी प्रमुख पाहुण्यांनी पहिला हिसका दिल्यावर काहीही घडणार नाही. दुसऱ्या हिसक्याला दोरी कप्पीच्या खाचेतून उतरून बाजूला अडकेल. मग अध्यक्ष, सचिव आणि क्रीडाशिक्षक असे तिघेही पुढे सरसावून एकच दोरी तीन दिशांना ओढू लागतील, आणि नेमक्या याच क्षणी ध्वनिक्षेपकापाशी बसलेल्या उत्साही गृहस्थांनी राष्ट्रगीत सुरू करावे. त्याला सुमारे 52 सेकंद लागतात. तेवढा वेळ उपस्थितांना सावधान स्थितीत त्या गाठोड्याकडे पाहता येते. त्यानंतर शिपायाला खांबावर चढवावे. पाकळ्या पडतील, टाळ्या होतील आणि केशरी रंग खाली आल्याचे पहिल्या रांगेतल्या एखाद्या मुलाच्या लक्षात येईल. त्याला डोळ्यांनीच दटावावे. 1971 च्या राष्ट्रीय सन्मानाच्या कायद्यानुसार ध्वज हेतुपुरस्सर उलटा लावणे हा गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. आपल्या कामात हेतू असा कुठेच नसल्यामुळे आपण निर्धास्त असावे.

ध्वज झपाट्याने चढवावा आणि सावकाश, सन्मानाने उतरवावा, असे संहिता सांगते. आपली रीत नेमकी उलटी आहे, आणि उतरवण्याच्या वेळी बघणारे कोणी नसल्यामुळे ती निर्वेध चालत आली आहे. जुलै 2022 मध्ये नागरिकांना रात्रीही ध्वज फडकत ठेवण्याची मुभा मिळाल्यापासून तर संध्याकाळी कोणाला तरी थांबवून घेण्याची कटकटच मिटली. फाटला तरी राहू द्यावा, अशी सवलत त्या दुरुस्तीत नाही. पण दुरुस्ती इतकी बारकाईने वाचायची कोणी? तेव्हा ध्वज दिवाळीपर्यंत वरच ठेवावा. उन्हाने केशरी पट्टा फिका पडत जाईल, वाऱ्याने हिरव्या पट्ट्याच्या कडेचे धागे सुटतील आणि येणारे-जाणारे आपल्या देशप्रेमाची चिकाटी पाहून थक्क होतील.

अखेर तो उतरवलाच, तर पुढे काय करायचे हा प्रश्न उरतो. जीर्ण झालेला ध्वज संपूर्णपणे, खासगीत, शक्यतो जाळून आणि त्याचा मान राखून नष्ट करावा, असा नियम आहे. तो आपल्याला मानवणारा नाही. खासगीत करायच्या कामाला ना प्रमुख पाहुणे मिळतात, ना छायाचित्रकार. त्यापेक्षा ध्वजाची घडी घालून तो पुन्हा त्याच कपाटात ठेवावा आणि पुढच्या वर्षी ही जबाबदारी ज्यांच्याकडे जाईल, त्यांना कपाटाची किल्ली तेवढी द्यावी.