अभ्यासिकेतला मॅथ्सवाला

सदाशिव पेठेतल्या आमच्या अभ्यासिकेत तहसीलदार व्हायचं नसलेला मी एकटाच. बाकी सगळे एमपीएससीवाले, कोणी राज्यसेवा कोणी कम्बाइन, आणि पोस्ट निघायच्या आधीपासूनच एकमेकांना साहेब म्हणतात. मी एम.एस्सी. मॅथ्सला. कॉट बेसिसवरच्या रूमवर एक पार्टनर रात्रभर फोनवर कुजबुजत असतो म्हणून इथे येऊन बसतो. नाव नोंदवताना मालकांनी विचारलं, कुठली एक्झाम? म्हटलं एम.एस्सी. तर म्हणाले, ही नवीन निघाली का, जागा किती आहेत?

शेजारच्या सीटवर बीडकडचा एक जण आहे, त्याला सगळे तहसीलदारच म्हणतात. मी मॅथ्सवाला आहे कळल्यावर गडी इतका खूश झाला की चहाचे पैसे त्यानेच दिले आणि लगेच सी-सॅटची, म्हणजे त्यांच्या गणित-बुद्धिमत्तेच्या पेपरची, वही पुढे सरकवली. अ आणि ब मिळून एक काम 12 दिवसांत करतात, ब आणि क 15 दिवसांत, क आणि अ 20 दिवसांत, तर अ एकटा किती दिवसांत करेल? मी व्यवस्थित तीन अज्ञात घेतले, मॅट्रिक्स मांडला, डिटरमिनंट काढला, तो आला 2, म्हणजे शून्य नाही, आणि समाधानाने पेन खाली ठेवून म्हटलं, "उत्तर आहे. आणि एकच आहे."

"किती आहे?"

"ते काढावं लागेल."

"तीस," तो म्हणाला. बीए इतिहास. तोंडी.

त्यानंतर त्याने हळूच माझी वही उघडून बघितली, चार-पाच पानं उलटली आणि विचारलं, "लेका, ह्यात आकडे कुठं हायेत?" आता काय सांगणार. एम.एस्सी.ला आकडे नसतात ओ. बारावीपर्यंत असतात, बीएस्सीला कमी कमी होत जातात, आणि एम.एस्सी.त शिरलं की शून्य आणि एक एवढेच उरतात, कधीतरी पाहुण्यासारखा दोन येऊन जातो. माझ्या वहीतला सगळ्यात मोठा आकडा पान नंबरचा असतो. बाकी सगळी ग्रीक लिपी, त्यात एप्सिलॉन, म्हणजे हवी तेवढी छोटी संख्या, तर इतका की माझं शर्टाचं बटण तुटलं तरी मी मनात म्हणतो, गिव्हन एप्सिलॉन ग्रेटर दॅन झिरो.

घरी तर अजून वेगळाच प्रकार. वडील पतसंस्थेत कॅशियर, रोज रात्री फोन, आज काय शिकवलं? रिंग थिअरी, म्हणजे बेरीज-गुणाकाराचे नियम मुळापासून, सुरू झाली त्या दिवशी मी खरं सांगितलं, की कशालाही शून्याने गुणलं की शून्य येतं हे सिद्ध केलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "फी भरली ना पूर्ण?" मी समजवायला गेलो की बाबा ते गृहीत नाही धरायचं, शून्य म्हणजे शून्य अधिक शून्य, मग डिस्ट्रिब्युटिव्ह लॉ लावायचा, मग दोन्हीकडून वजा करायचं, तर त्यांनी फोन आईकडे दिला. आईने जेवलास का विचारलं. पुढच्या लेक्चरला उणे एक गुणिले उणे एक बरोबर एक हे सिद्ध झालं, ते मी घरी कळवलं नाही.

आणि लोकांना वाटतं हे सोपं असेल, आकडेच नाहीत म्हटल्यावर. अहो एका पानाला संध्याकाळ जाते. आमची पुस्तकं पातळ असतात, त्याचं कारण मधल्या पायऱ्या लेखकाने स्वतःकडे ठेवून घेतलेल्या असतात. दोन ओळींच्या मध्ये फक्त क्लिअरली असं लिहिलेलं असतं आणि त्या एका क्लिअरलीपायी माझी चार कोरी पानं, एक चहा आणि रात्रीची मेस जाते, शेवटी कळतं तेव्हा खरंच क्लिअर असतं आणि आपण एवढा वेळ काय करत होतो हे सांगता येत नाही. वर्गात सरांना विचारावं तर सर फळ्याकडे बघतात, तीन मिनिटं नुसते बघतात, कपाळावर आठ्या, आम्हाला वाटतं आता अडकले, आणि मग वळून म्हणतात, हो, ट्रिव्हियल आहे. सगळे माना डोलावतात. मी पण.

परीक्षेत मग काय होतं, सायलो थिअरम सगळे पाठ करतात, कारण ऑर्डर 15 चा, म्हणजे 15 घटकांचा, ग्रुप सायक्लिक असतो, एकाच घटकापासून सगळे तयार होतात, हे दाखवा असं येणार हे ठरलेलं. 15 ला ग्रुप एकच, त्यामुळे 15 सगळ्यांचा लाडका. 16 ला 14 ग्रुप, 32 ला 51, 64 ला 267, त्या वाटेला कोणी जात नाही. गॅल्वाचं तर बोलायलाच नको, तो फ्रेंच गणिती 1832 साली वयाच्या विसाव्या वर्षी द्वंद्वयुद्धात गेला, आणि त्याआधी जेवढं लिहून ठेवलं तेवढ्यात आमचा अख्खा पेपर बसतो. माझा त्यात बॅकलॉग आहे.

एकदा टपरीवर तहसीलदाराने विचारलं, तुमच्यात इंटरेस्टिंग असं काहीच नसतं का? मी कँटर सेट सांगितला. शून्य ते एक एवढी रेघ घ्यायची, मधला एक तृतीयांश उडवायचा, उरलेल्या दोन तुकड्यांचे मधले उडवायचे, मग चारचे, असं कायम. उडवलेल्या लांबीची बेरीज एक, म्हणजे उरलेल्याची लांबी शून्य. पण उरलेले पॉइंट मोजायला जा, मोजताच येत नाहीत, अख्ख्या रेघेत होते तेवढेच! तो ग्लास हातात धरून गप्प बसला आणि मग म्हणाला, "हे तर आमच्या भरतीसारखं झालं. जागा शून्य, अन् पोरं तेवढीच." मला मेझर थिअरी, म्हणजे लांबी मोजायचं हे शास्त्र, इतकी छान कोणी समजावली नव्हती.

त्याने उलट मला गणितज्ञ कापरेकर सांगितले. म्हणजे त्यांचा 6174, ज्यावर जवळपास प्रत्येक चार अंकी आकडा येऊन थांबतो, तो मला ठाऊक होता, पण त्याने समोर उभ्या बुलेटच्या प्लेटवरचा आकडा घेतला, 3524, अंक उतरते लावले, चढते लावले, वजा केले, 3087, परत 8352, परत 6174, सगळं तोंडी, मी मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर त्याच्या एक पायरी मागे. वर जीएस, म्हणजे सामान्य ज्ञान, म्हणून ऐकवलं, कापरेकर देवळालीच्या शाळेत मास्तर होते आणि पदव्युत्तर शिक्षण काही झालेलं नव्हतं. हे वाक्य त्याने माझ्याकडे बघत म्हटलं.

आता नेट, म्हणजे प्राध्यापक व्हायची पात्रता परीक्षा, द्यायची आहे. नेटचा पेपर कोणी काढला त्याला भेटायचंय एकदा. पार्ट सी मध्ये एका प्रश्नाला 4.75 मार्क, पावणेपाच! आणि बरोबर पर्याय एकाहून जास्त असू शकतात, सगळेच्या सगळे बरोबर टिक केले तर पावणेपाच, एक चुकला की भोपळा. पण माझं दुःख पार्ट सी नाही, ते अपेक्षितच होतं. दुःख पार्ट ए आहे. तिथे घड्याळं, टाक्या, नळ, वय, आगगाड्या, म्हणजे थोडक्यात सी-सॅटच, आणि पंधरा प्रश्नांचे तीस मार्क. दोन वर्षं टोपॉलॉजी करून शेवटी नळावरच यायचं होतं.

त्यामुळे हल्ली रात्री नऊ ते दहा तहसीलदार माझी शिकवणी घेतो. फी म्हणून दोन कटिंग. परवा गाडीचं गणित होतं, 150 मीटरची गाडी 250 मीटरचा प्लॅटफॉर्म 20 सेकंदांत ओलांडते, वेग काढा. मी म्हटलं, गाडी पॉइंट धरली तर चालेल ना, विदाउट लॉस ऑफ जनरॅलिटी?

"मॅथ्सवाले," तो म्हणाला, "डबे हायेत तिला. लोकं बसलेत आत."