मंडप उलटा का उडाला?

वादळ पूर्वेकडून आलं आणि मंडप पूर्वेकडेच उडाला. आमच्या कॉलनीत यावर अजून चर्चा चालते.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. जळगावात आमच्या कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये शेजारच्या मुलीची हळद होती. पाचच्या सुमारास भुसावळच्या बाजूने ढग चढले, धुळीचा लोट दिसला, बायकांनी ताटं झाकायला घेतली. ओपन स्पेसच्या पश्चिमेला दोन वर्षांपूर्वी अकरा मजली बिल्डिंग उभी राहिली आहे. कापड उडालंच तर त्या बिल्डिंगच्या अंगावर जाऊन चिकटेल असं सगळ्यांनी धरलं होतं. पण कनात फुगली ती उलट्या बाजूला, दोन बांबू उपटले आणि वाऱ्याच्या तोंडावरच कडुनिंबापर्यंत गेली. कूलर आडवा, हळद मातीत. कुणाला लागलं नाही हे नशीब. नवरीच्या आत्याने लगेच करणी-बिरणीचा विषय काढला. मंडपवाला मात्र शांत होता. म्हणाला, "भाऊ, मी तं सकायलेच सांगेल व्हतं, आठे कनात लावू नका, फाटी जाई."

त्याला कसं कळलं होतं? तो म्हणे, ही बिल्डिंग झाल्यापासून इथे तिसरा मंडप गेला.

मी डिप्लोमा सिव्हिलवाला. बावीस वर्षं लोकांचे प्लॅन काढतो, पास करून आणतो. मार्जिन, जिना, डक्ट, पार्किंग सगळं तोंडपाठ. वारा मात्र आमच्या नकाशात फक्त उत्तर दिशेच्या बाणाशेजारी असतो, तोही जुन्या माणसांच्या नकाशात. त्या रात्री मला स्वतःची थोडी लाज वाटली, म्हणून वाचायला बसलो. जे कळलं ते लिहितो.

जमिनीलगत वारा घरं, झाडं, कुंपणं यांना घासत मंद होतो. वर जावं तसा तो जोरात वाहतो. आमच्यासारख्या दोन मजली वस्तीत एकटी उंच बिल्डिंग उभी राहिली की ती तो वरचा जोराचा वारा अडवते. अडलेला वारा जाणार कुठे? भिंतीच्या साधारण दोन तृतीयांश ते पाऊण उंचीवर त्याची फाटाफूट होते. थोडा वरून निघून जातो, थोडा बाजूंनी, आणि बराचसा भिंतीवरून घसरत खाली येतो. खाली जमिनीवर आपटला की मागे वळतो, म्हणजे ज्या दिशेने आला त्याच दिशेला. बिल्डिंगच्या पायाशी असा एक आडवा भोवरा तयार होतो, रोडरोलरचं चाक जागच्या जागी फिरत राहावं तसा. आमचा मंडप नेमका त्या चाकाखाली होता. आत्याबाईंना हे समजावून सांगितलं. त्यांना करणीच जास्त पटते.

जोराचा हिशोबही करून पाहिला. इमारतींवरच्या वाऱ्याच्या भाराचं आपलं भारतीय मानक आहे, आयएस ८७५ चा भाग ३. त्यात दाबाचं साधं सूत्र आहे : वेगाचा वर्ग गुणिले ०.६. वारा सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर असेल, तर दर चौरस मीटरला साधारण ६ किलोचा रेटा. पंधरा फूट बाय दहा फुटांची कनात म्हणजे जवळपास १४ चौरस मीटर. तिच्यावर ८५ किलो. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट, ३४० किलो. आणि तो पेलायचा कुणी, तर दीड फूट खड्ड्यात ठोकलेल्या बांबूने.

वादळ वर्षातून दोन-चारदा येतं, ते सोडून देऊ. मला जास्त छळतो तो रोजचा वारा. खान्देशात उन्हाळ्याची संध्याकाळ म्हणजे काय, हे इथे राहिलेल्यालाच कळतं. दिवसभर ४४-४५. सूर्य कलला की पश्चिमेकडून तापीच्या खोऱ्यातून वारा सुटतो, तासाभरात जीव जागेवर येतो. आमच्या लहानपणी अमळनेरकडे गावात संध्याकाळी धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छपरावर, पाणी शिंपडायचो आणि रात्री वरच झोपायचो. कॉलनीत धाबं नाही, गच्ची आहे, आणि खाली ओपन स्पेसमध्ये कडुनिंबाखाली बाक आहे. त्या बाकावर नाना रोज साडेसहाला बसत. ते शिरपूरचे, एसटीतून निवृत्त. बिल्डिंग झाल्यापासून बाकावर वारा येत नाही. पश्चिमेचा वारा बिल्डिंग अडवते आणि तिच्या आडोशाला, म्हणजे आमच्या अंगणात, हवा नुसती घुटमळते. पॉलिथिनच्या पिशव्या, चिप्सची पाकिटं, धूळ सगळं तिथे गोल गोल फिरत बसतं, बाहेर पडत नाही. नाना म्हणाले, "आते वारा बी बिल्डरले इचारीसन येस."

गंमत अशी की बाकापासून चाळीस पावलांवर गेटजवळ उभं राहवत नाही. तिथे बिल्डिंगचा कोपरा आहे. समोर अडलेला वारा बाजूंनी पिळवटून निघतो आणि कोपऱ्यावर मोकळ्या मैदानातल्यापेक्षा दीड-दोन पटीने जोर धरतो. त्यात बिल्डिंगखाली स्टिल्ट पार्किंग आहे. समोरच्या बाजूला हवेचा दाब जास्त, मागे कमी, आणि मधे खांबांवरचं पोकळ पार्किंग. हवा त्यातून नळीतून निघावी तशी येते. साइड स्टँडवर लावलेल्या स्कूटी तिथे पडलेल्या असतात आणि लोक वॉचमनला बोलतात. एकाच बिल्डिंगमुळे एकाला वारा नाही आणि दुसऱ्याला उभं राहू देत नाही. वारा नाहीसा होत नसतो. इथला काढून तिथे टाकला जातो, एवढंच. आणि कुठून काढायचा, कुठे टाकायचा हे कुणी ठरवलेलं नसतं. मी तर नाहीच.

आपल्या बापजाद्यांना हे कळत होतं. त्यांनी त्याला नाव दिलं नव्हतं, इतकंच. खळं कुठे करायचं हे आजोबा वाऱ्यावरून ठरवायचे. घराच्या, गोठ्याच्या, चिंचेच्या आडोशाला कधी नाही. तिथे वारा गिरकी घेतो, उपणताना भुसा आपल्याच डोळ्यात येतो. मोकळ्यावर, तिपाईवर उभं राहून, वाऱ्याची सरळ धार मिळेपर्यंत सूप हातात धरून थांबायचं. धान्य खाली, भुसा पलीकडे. आडोशाचा वारा आणि मोकळा वारा यांतला फरक यापेक्षा सोप्या भाषेत कुठल्या पुस्तकाने सांगितलेला मला सापडला नाही.

रावेर-यावलकडचे केळीवाले तर याच्याही पुढे आहेत. बागेच्या कडेने ते शेवरी लावतात, गजराज गवत लावतात. भिंत का नाही बांधत? पैशाचं कारण आहेच. पण भिंत परवडली तरी ती वाईटच. सलग भिंत वारा पूर्ण अडवते, मग तो वरून उडी मारून पलीकडे भोवरे करत उतरतो आणि पानं फाडतो. शेवरीतून निम्मा वारा गाळून आत येतो, उरलेला हळूच वरून जातो. आडोसा जास्त लांबपर्यंत टिकतो आणि आत खळबळ होत नाही. ज्या वारारोधकाचा साधारण निम्मा भाग पोकळ असतो तो सर्वांत चांगला, असं वाऱ्याचा अभ्यास करणारेही सांगतात. केळीच्या पानाला आपण जेवढं जपतो तेवढं बाकावरच्या म्हाताऱ्याला जपत नाही, याचं मला खरंच नवल वाटतं.

आणि साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला जाऊन बघा. पठारावर पवनचक्क्यांची रांगच रांग. त्या एकमेकींना चिकटून का नाहीत? पुढच्या पंख्याने वारा खाल्ला की मागे तो खवळलेला, कमजोर उरतो. म्हणून वाऱ्याच्या दिशेत दोन पवनचक्क्यांमध्ये पंख्याच्या व्यासाच्या पाच ते दहा पट अंतर ठेवायची पद्धत आहे. तिथे वारा कमी मिळाला तर वीज कमी होते, वीज कमी झाली की पैसे कमी होतात, म्हणून सगळे मोजमाप करतात. कॉलनीत वारा कमी मिळाला तर नानांना घाम येतो. त्याचं बिल कुणाला जात नाही.

कूलरचं सांगायचं राहिलं. आपला खान्देश कूलरवर जगतो. कूलरला बाहेरची कोरडी, वाहती हवा लागते. दोन बिल्डिंगांच्या मधल्या बोळात, जिथे वारा वरच्या वर निघून जातो, तिथे एकाच्या घरातली दमट हवा दुसऱ्याच्या कूलरच्या तोंडाशी. त्यात एसीची बाहेरची युनिटं गरम फुंकर मारत असतात. मग लोक म्हणतात यंदा गवत बदललं तरी कूलर थंड करत नाही. बिचाऱ्या गवताचा काय दोष? रस्त्याचंही तसंच आहे. धुळ्याच्या नंबरवाल्या गल्ल्यांमध्ये बुटकी घरं होती तोवर वारा रस्त्यात उतरत होता. रस्त्याची रुंदी तीच राहून घरांची उंची रुंदीच्या बरोबरीला आली, की वारा छपरावरून सटकतो आणि खाली गल्लीत तीच हवा, तोच गाड्यांचा धूर, आतल्या आत गोल फिरत राहतो.

जगात हे कुणाला माहीत नाही असं नाही. न्यूयॉर्कची फ्लॅटआयर्न बिल्डिंग १९०२ ची. तिच्या टोकदार कोपऱ्यावर वाऱ्याने बायकांचे घागरे उडायचे आणि बघ्यांना पोलीस हाकलायचे. यात हसण्यासारखं आहे. इंग्लंडमधल्या लीड्सचं ऐकून हसू येत नाही. तिथे २००७ मध्ये ब्रिजवॉटर प्लेस नावाची बत्तीस मजली बिल्डिंग झाली आणि मार्च २०११ मध्ये तिच्या पायथ्याशी वाऱ्याने मालट्रक उलटून पायी चालणारा एक माणूस मेला. नंतर रस्त्यावर वारा मोडणारे मोठे पडदे बसवावे लागले. नेदरलँड्सने २००६ मध्ये पादचाऱ्यांना होणाऱ्या वाऱ्याच्या त्रासाचं मानकच काढलं. सेकंदाला ५ मीटरच्या वर वारा वर्षातले किती तास राहतो, यावरून ती जागा बसायला योग्य की नुसती चालायला, हे ठरतं. हाँगकाँगची अडचण आमच्या नानांसारखी, वारा न येण्याची. २००३ च्या सार्स साथीनंतर त्यांना भिंतीसारख्या लागून उभ्या टॉवरांची भीती बसली आणि २००६ पासून मोठ्या सरकारी प्रकल्पांना हवा कशी खेळेल याचा अभ्यास करणं सुरू झालं.

आपल्याकडे? आयएस ८७५ बिल्डिंग पडणार नाही याची काळजी घेतं. खाली बाकावर बसलेल्या माणसाचं काय, हा त्याचा विषय नाही. राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली २०२० ची. तिच्यात ४००० चौरस मीटर आणि वरच्या लेआउटला १० टक्के ओपन स्पेस सोडावी लागते. उत्तम. ती आम्ही इंचाइंचाने मोजतो, कागदावर हिरवी रंगवतो. मोकळ्या जागेत मोकळं काय असायला हवं हे कुणी विचारत नाही. चौरस मीटर मिळाले की झालं.

आता कुणी म्हणेल, खान्देशात दुपारचा वारा पाहिजे कुणाला? भट्टीच्या तोंडाशी उभं राहिल्यासारखं होतं. खरं आहे. म्हणून तर मी सगळीकडे वारा आणा म्हणत नाही. जुनी घरं दुपारी दारं-खिडक्या लावून घ्यायची आणि संध्याकाळी उघडायची. कुठला वारा घ्यायचा, कुठला टाळायचा हे त्यांना माहीत होतं. बिल्डिंगला खिडकीसारखं उघडता-लावता येत नाही, म्हणून कागदावर असतानाच डोकं चालवायला हवं. महापालिकेच्याच सतरा मजली इमारतीच्या या गावात उंच बांधूच नका असं म्हणायचा वेडेपणाही मी करणार नाही. पण उंच भाग रस्त्यापासून थोडा मागे घेऊन खाली एक-दोन मजली रुंद पाया दिला, तर वरून घसरणारा वारा त्या गच्चीवर आपटतो, माणसाच्या डोक्यावर नाही. दारावर रुंद छज्जा, कोपऱ्यावर झाडं, पार्किंगला जाळीची भिंत. यांतलं काहीच विमानाच्या कारखान्यातून आणावं लागत नाही. कंपाउंड वॉल सलग बांधण्याऐवजी जाळीची केली तरी फरक पडतो. फ्लेक्सवालेही बोर्डाला अर्धचंद्र कापतातच की वाऱ्यासाठी.

मी जूनमध्ये एक उद्योग केला. बायकोच्या जुन्या साडीच्या पट्ट्या फाडून (विचारून) ओपन स्पेसमध्ये बारा काठ्यांना बांधल्या. आठ दिवस सकाळ-संध्याकाळ फोटो काढले. पोरं हसली, नाना सोबत आले. पट्ट्या गेटजवळ आडव्या ताणलेल्या, मधे लुळ्या, आणि बिल्डिंगपासून लांब, उत्तरेच्या कडेला एका पट्टीत छान संथ हालचाल. बाक उचलून तिथे नेलं. सावली नाही, पण साडेसहाला सावली कुणाला लागते? नाना तीन आठवड्यांपासून पुन्हा बसायला लागलेत.

परवा एका पार्टीचा सात मजल्यांचा प्लॅन काढायला घेतला. रस्त्याच्या बाजूने पहिल्या मजल्यावर दोन मीटरचा सलग छज्जा दाखवला आणि स्टिल्टच्या पश्चिमेला जाळीची भिंत. मालकाने नकाशा उलटसुलट पाहिला. मी त्यांना वारा, भोवरा, मंडप, हळद सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चहा संपवला आणि विचारलं, "हा छज्जा एफएसआयमध्ये, मंजूर बांधकामात, धरतात का?"

तपासून सांगतो म्हटलं.